ग्लुकोज वाढवूनही बीटा पेशीतला के-एटीपी प्रवाह बंद होत नाही

प्रश्न (सील_सुटलं)
उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी, सुट्या केलेल्या. होल-सेल पॅच क्लँप, म्हणजे काचेचं पिपेट पेशीला चिकटवून टोकाखालचा पडदा फोडायचा आणि प्रवाह मोजायचा. मोजतोय के-एटीपीचा, म्हणजे एटीपी वाढलं की बंद होणाऱ्या पोटॅशियम चॅनेलचा प्रवाह. पिपेटमध्ये १४० मिलिमोलर पोटॅशियम आणि ०.३ मिलिमोलर मॅग्नेशियम-एटीपी, बाहेर ५.६ पोटॅशियम. पेशी −७० मिलिव्होल्टवर धरून −६० आणि −८० चे पल्स देतो. पडदा फुटल्यावर दोन-तीन मिनिटांत प्रवाह छान वाढतो. मग ग्लुकोज २ वरून २० मिलिमोलर केलं तरी तसूभर फरक नाही. टॉल्ब्युटामाइड (हे चॅनेल थेट बंद करणारं औषध, १०० मायक्रोमोलर) दिलं की मात्र लगेच बंद. टॉल्ब्युटामाइड न देता थांबलं, तर दहाएक मिनिटांनी तो आपोआपच उतरायला लागतो. पेशी मरताहेत का?

गीगाओहम
टॉल्ब्युटामाइड चालतंय म्हणजे चॅनेल ठणठणीत आहे. ग्लुकोज पेशीतलं एटीपी वाढवून चॅनेल बंद करतं; ते इथे चालणार नाही, कारण पेशीत एटीपी किती हे आता तुमचं पिपेट ठरवतं. बीटा पेशीचं आकारमान जेमतेम एक पिकोलिटर, पिपेटमधलं द्रावण काही मायक्रोलिटर. मायटोकाँड्रियाने बनवलेलं एटीपी त्यात विरून जातं. सुरुवातीला प्रवाह वाढला तोही पेशीतलं एटीपी धुऊन निघाल्यामुळेच.

ग्लुकोजचा परिणाम बघायचा तर पर्फोरेटेड पॅच करा, म्हणजे पडदा न फोडता औषधाने त्यात बारीक छिद्रं पाडा. ॲम्फोटेरिसिन-बी (छिद्रं पाडणारं औषध) डीएमएसओ या द्रावकामध्ये ६० मिग्रॅ/मिली विरघळवा, पिपेटच्या द्रावणात २५० पट पातळ करा (२४० मायक्रोग्रॅम/मिली), सोनिकेट करून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. दोन-तीन तासांनी टाकून द्या, ताजं बनवा. पिपेटचं टोक आधी साध्या द्रावणात काही सेकंद बुडवायचं, मग मागून ॲम्फोटेरिसिन भरायचं. टोकातच औषध असेल तर सील (पिपेट आणि पडद्यातला घट्ट जोड) बसत नाही. साधं द्रावण जास्त चढलं तर छिद्रं पडायला अर्धा तास जातो. सिरीज रेझिस्टन्स (पिपेटपासून पेशीच्या आतपर्यंतचा रोध) हळूहळू २०-३० मेगाओहमवर यायला हवा. तो एकदम ८-१० वर कोसळला तर पॅच फुटलाय, ती पेशी सोडा. या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियम जातात, एटीपी जात नाही, सगळी गंमत तिथेच आहे.

आणि २ मिलिमोलरच्या द्रावणात १८ मॅनिटॉल घाला, नाहीतर ग्लुकोजचा परिणाम आणि ऑस्मोलॅरिटीचा (द्रावणातल्या एकूण विरघळलेल्या कणांचा) परिणाम वेगळा काढता येणार नाही.

पिप_टू
प्रवाह उतरतो त्याला रनडाउन म्हणतात, पेशी मेली असं लगेच समजू नका. चॅनेल उघडं राहायला पडद्याच्या आतल्या बाजूचं पीआयपी-२ हे लिपिड लागतं, ते भरून काढायला मॅग्नेशियम-एटीपी. कॅल्शियम वाढलं की रनडाउन वेगाने होतो, म्हणून पिपेटमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए हवंच.

शेवटी टॉल्ब्युटामाइड देऊन उरलेला प्रवाह लीक (गळती) म्हणून वजा करा. समजा −८० ते −६० मध्ये फरक ६० पिकोॲम्पिअर: भागिले २० मिलिव्होल्ट, म्हणजे ३ नॅनोसीमेन्स कंडक्टन्स (वहनक्षमता). हा उरलेला भागच दर मिनिटाला वाढत असेल तर सील सुटतंय, औषधाला दोष देऊ नका.

पर्फोरेटेडमध्ये व्होल्टेज मोजणार असाल तर १ गीगाओहमच्या सीलवर समाधान मानू नका. तेवढ्या सीलचा लीक १ नॅनोसीमेन्स, आणि के-एटीपी बंद असलेल्या पेशीची स्वतःची कंडक्टन्स त्याहून कमी असू शकते. पेशी लीकमुळेच डिपोलराइज होते (पडद्यावरचं व्होल्टेज शून्याकडे सरकतं) आणि आपण श्रेय ग्लुकोजला देतो.

अक्षतंतू
न्यूरॉनवर काम करणाऱ्यांसाठी पुरवणी. तिथेही बहुतेक ठिकाणी हेच चॅनेल असतं, केआयआर-६.२ आणि एसयूआर-१, चार-चार उपघटकांचं. म्हणूनच केआयआर-६.२ बनवणाऱ्या केसीएनजे-११ जनुकातल्या, चॅनेल जास्त उघडं ठेवणाऱ्या उत्परिवर्तनांमुळे (२००४ मध्ये समजलं) नवजात मधुमेह होतो, आणि तीव्र प्रकारात अपस्मार व विकासातला विलंबही दिसतो.

हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या एका भागाच्या) स्लाइसमध्ये, म्हणजे पातळ कापात, नेहमीची चूक म्हणजे बाथमध्ये (बाहेरच्या द्रावणात) १० मिलिमोलर ग्लुकोज. मेंदूतल्या पेशींभोवती ते साधारण १ ते २.५ असतं. १० वरून २० केलं तर काही दिसणार नाही; २.५ वरून ०.५ वर आणून बघा.