सासू-सासऱ्यांसाठी पहिला एचडी टीव्ही, बजेट १८ हजार: ३२ इंची की ४३?

शर्वरी_सुदामानगर

नमस्कार मंडळी. आमचा २१ इंची डबा टीव्ही आता पार गेला. पिक्चर ट्यूब संपली आहे आणि नवी मिळत नाही, असं मेकॅनिक सांगून गेला. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आठवीतली मुलगी. टीव्ही खरा बघतात ते आई-बाबाच. सकाळी सह्याद्री, आणि मॅच असली की बाबा उठत नाहीत. गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचा खर्च काही नाही. मालिका मात्र आई माझ्या मोबाइलवर बघतात, मान खाली घालून, चष्मा वर-खाली करत. ते बघून मलाच वाईट वाटतं, म्हणून आता टाळायचं नाही असं ठरवलंय. वायफाय घरात आहे.

बजेट १८ हजार, ओढूनताणून १९. स्टँड, वायरी सगळं त्यातच. इथे इंदुरात महाराणी रोडवर फिरून आले. नामांकित कंपनीचा ३२ इंची एचडी रेडी साडेतेरा हजारांना आहे. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा ४३ इंची ४के साडेसतराला. आणि एक नामांकित ४३ इंची फुल एचडी, तो १९ ला देतो म्हणाले.

सोफ्यापासून भिंत ९ फूट. सोफ्यामागे पश्चिमेची खिडकी आहे. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षरं त्यांना लागत नाहीत. दीर फोनवर म्हणतात, ४के सोडून काही घेऊच नका. दुकानातला मुलगाही तेच म्हणत होता, आणि खरं सांगते, तिथे तो ४३ इंची फारच सुरेख दिसत होता. यातलं नेमकं काय धरावं?

रामबागचे_काका

ताई, नमस्कार. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ब्लॅक अँड व्हाइटपासून एलईडीपर्यंत सगळे सेट उघडून झाले आहेत. तुम्ही माहिती व्यवस्थित दिलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही इंच विचारताय, दीर ४के म्हणतायत. मी आधी विचारीन की या टीव्हीला चित्र कुठून देणार? फ्री डिशवरून येणारं चित्र बहुतेक साधं, म्हणजे एसडी असतं. आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, एकूण सव्वाचार लाखांच्याही आत. एचडी रेडी ३२ इंचीच्या पडद्यावर बहुधा १३६६ × ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके असतात. फुल एचडीत १९२० × १०८०, पावणेएकवीस लाखांच्या आसपास. ४केमध्ये जवळपास ८३ लाख. आता सिग्नलमध्ये चार लाखच आले, तर उरलेले टीव्हीला स्वतः भरावे लागतात. फुल एचडी एका ठिपक्याचे पाच करतो, ४के वीस करतो. भरण्याचं हे काम आतली चिप करते आणि स्वस्त सेटमध्ये पैसे वाचवले जातात ते बऱ्याचदा तिथेच. मग सह्याद्रीवरचे निवेदक मेणाचे पुतळे दिसायला लागतात. तुमचा डबा टीव्ही याच साध्या सिग्नलसाठी बनलेला होता आणि पडदाही लहान, म्हणून त्यावर तेच चित्र स्वच्छ वाटायचं. नवा टीव्ही आणल्यावर 'जुनाच बरा होता' असं म्हणणारी कितीतरी घरं मी पाहिली. सेट चांगला असायचा, त्याला खायला काही नसायचं.

दुकानात जे सुरेख दिसलं ते पेन ड्राइव्हवरचं ४के चित्र होतं. मासे, फुलं, बर्फाचे डोंगर. शिवाय सेट 'व्हिव्हिड' मोडवर ठेवलेला असतो, रंग भडक आणि उजेड पूर्ण. घरी तसं कुणी बघत नाही. पुन्हा जाल तेव्हा दुकानदाराला रोजचं साधं चॅनल लावायला सांगा, बातम्यांचं असेल तर उत्तम, कारण खाली सरकणारी पट्टी स्वस्त पडद्याचं बिंग फोडते. अक्षरांमागे शेपूट दिसलं तर क्रिकेटमध्ये चेंडूमागेही दिसणार. मोड 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही' करायला लावा. आणि ९ फुटांवर उभ्या राहा. दुकानात दोन फुटी फरशी असते, साडेचार फरश्या मोजून मागे या. आईंना बरोबर न्या, पाय दुखत असतील तर खुर्ची मागा. डोळे त्यांचे आहेत.

अंतराचं गणित असं. ३२ इंची पडद्याची उंची पावणेसोळा इंच. नजर चांगली असलेल्या माणसालाही एचडी रेडी आणि फुल एचडीतला फरक ६ फुटांच्या पलीकडून कळत नाही. म्हणजे तुमच्या ९ फुटांवर ३२ इंचीत 'फुल एचडी' या शब्दासाठी जास्तीचा पैसा देऊ नका. ४३ इंचीत फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडे दिसेनासे होतात, म्हणजे त्या आकारात ४के घेऊनही तुमच्या सोफ्यावरून काही वेगळं दिसणार नाही. तरीही मी तुमच्यासाठी ४३ इंचीकडेच झुकतो, आणि ते आईंमुळे. ४३ चा पडदा ३२ पेक्षा क्षेत्रफळाने पावणेदोन पटीहून मोठा असतो. चेहरे मोठे, अक्षरं मोठी. फक्त फ्री डिशचं चित्र ९ फुटांवरून ३२ वर नीटस वाटतं, ते ४३ वर थोडं मऊ पडेल, हे मनाशी धरून घ्या. मालिका वायफायवरून एचडीत बघितल्या तर तो पडदा सार्थकी लागेल.

खिडकी सोफ्यामागे आहे म्हणजे दुपारचं ऊन थेट पडद्यावर. चकचकीत काचेचा टीव्ही घेऊ नका आणि खिडकीला जाड पडदा लावा, त्याला पर्याय नाही.

नाव न ऐकलेल्या सेटबद्दल एवढंच. पाठीमागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा, बीआयएस केअर अ‍ॅपवर तो तपासता येतो. पॅनल, म्हणजे पडदाच गेला तर दुरुस्ती नव्या सेटच्या किमतीजवळ जाते, तेव्हा इंदुरात सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बिल करायच्या आधी विचारा. 'माणूस येईल' हे उत्तर मला पुरत नाही.

आणि जीएसटी. ३२ इंचांवरच्या टीव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झालाय. ४३ चा भाव जुन्या यादीतून सांगत असतील तर बिलात १८ टक्के दाखवायला सांगा.

केतकी_विजयनगर

काकांशी सहमत, स्मार्टच्या बाजूने थोडी भर घालते. 'अँड्रॉइड आहे' एवढ्यावर थांबू नका. काही स्वस्त सेटमध्ये मोबाइलचं साधं अँड्रॉइड टाकलेलं असतं. त्यात अ‍ॅप दिसतात, पण एचडीत चालत नाहीत किंवा रिमोटने नीट हलत नाहीत. गूगल टीव्हीचं प्रमाणित सॉफ्टवेअर आहे का आणि प्ले स्टोअर उघडतंय का, हे दुकानात आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून बघा. फुल एचडीसाठी नेटचा ५ एमबीपीएस वेग पुरतो असं नेटफ्लिक्सच सांगतं, त्यामुळे वायफायचा प्लॅन वाढवायची गरज नाही. राउटर बैठकीतच असेल तर उत्तम.

झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ पासून आहेत. पुढे कधी डीटीएच, म्हणजे महिन्याला पैसे भरायची छत्री घेतलीत तर एचडी बॉक्सच घ्या. माझ्या आत्याकडे एचडी बॉक्स होता, पण जोडलेला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने! त्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय वायर लावली आणि आत्या म्हणाली, अगं, हिच्या साडीवर बुट्टे आहेत होय!

आवाजही ऐकून घ्या. पातळ सेटचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात आणि संवाद दबतात. म्हाताऱ्या माणसांना चित्राच्या आधी याचाच त्रास होतो.

पराग_राजवाडा

मी वेगळं मत मांडतो. थोडं थांबा, सणाच्या सेलमध्ये नामांकित ४३ इंची ४के २० च्या आसपास मिळू शकतो. टीव्ही सात-आठ वर्षं वापरायचा असतो, मुलगी मोठी होईल, तिला लागेल.

रामबागचे_काका

पराग, मुलीचा मुद्दा बरोबर आहे, आणि नामांकित ४के त्या पैशात मिळाला तर मी नाही म्हणणार नाही. पण त्यांच्या घरात आज टीव्ही बंद आहे आणि आई मोबाइलमध्ये मान घालून बसतायत. सेलसाठी त्यांना दोन-तीन महिने तसंच ठेवावं असं मला वाटत नाही.

शर्वरी_सुदामानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आई-बाबांना घेऊन परत गेले. साडेचार फरश्या मोजल्या! दुकानदाराने आधी आढेवेढे घेतले, पण बाबांनीच गोड बोलून बातम्या लावायला लावल्या. त्या ४के सेटवर खालची पट्टी अक्षरशः ओढल्यासारखी दिसत होती, आणि जरा बाजूला सरकलं की रंग उडत होते. प्ले स्टोअर तर नव्हतंच. फुल एचडीवर पट्टी सुबक दिसली आणि आईंनी मालिकेचं नाव लांबून वाचलं. आवाज मात्र मध्यमच आहे, तो पुढे बघू.

बिलात १८ टक्के लागला का विचारल्यावर ४३ इंची फुल एचडीचा भाव १८,४०० वर आला, स्टँड त्यातच. तोच घेतलाय, परवा बसवायला येतील.

आता दोन शंका. दीर म्हणतात, फ्री डिश काढूनच टाका, सगळं वायफायवर बघा. काढू का? आणि जुन्या डब्याचं काय करायचं?

रामबागचे_काका

छान झालं. फ्री डिश काढू नका, बाबांसाठी ठेवा. २००७ च्या कायद्यामुळे भारताच्या पुरुष संघाच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांचा सिग्नल दूरदर्शनला द्यावाच लागतो, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दूरदर्शनने तो केवळ स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचा. केबलवरच्या दूरदर्शनवर त्या वेळी ती मॅच दिसत नाही. नेट गेलं तरी बाबांची मॅच चालू राहील.

तुमचा बॉक्स जुना असेल तर त्याला एचडीएमआय नसेल. नव्या टीव्हीत तीन रंगांची भोकं बहुधा नसतात, एकच बारीक एव्ही जॅक असतो आणि त्याचा छोटा जोड खोक्यात येतो. बसवणाऱ्यासमोर तो काढून घ्या, खोक्याबरोबर फेकला जातो. एचडीएमआय असलेला, एमपीईजी-४ या नव्या पद्धतीचा फ्री डिश बॉक्सही मिळतो. चित्र बहुतेक एसडीच राहील, पण वायरीचा धूसरपणा जाईल. सेटिंगमध्ये चित्राचा आकार १६:९ ठेवला आणि माणसं आडवी फुगलेली दिसली तर त्या चॅनलपुरता ४:३ करा. कडेला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या.

जुना डबा स्वतः उघडू किंवा फोडू नका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि आत निर्वात पोकळी, फुटली तर काच उडते. आपल्याकडे कचरा गाडीत ई-कचरा वेगळा घेतात. पण इतकं मोठं सामान असल्यावर गाडीवाल्या भैयाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आणि पावसाळ्यात विजांची चिन्हं दिसली की, त्या कडाडायच्या आधीच, नुसता स्विच बंद करून भागत नाही, छत्रीची वायर बॉक्समधून काढून ठेवायची. वीज बरेचदा त्याच वाटेने घरात येते आणि एचडीएमआयमधून टीव्हीच्या बोर्डापर्यंत जाते. बाबांना ती वायर कशी काढायची ते बसवणाऱ्याकडून एकदा दाखवून घ्या.