वडिलांना शौचातून रक्त जातंय, मूळव्याधच असेल का?

यंत्रमाग_सोलापूर
वडील 61 वर्षांचे, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारे) आहेत. तीन महिन्यांपासून अधूनमधून रक्त जातंय. मूळव्याध म्हणून मलम आणि इसबगोल चालू आहे. हल्ली जिना चढताना दम लागतो, हिमोग्लोबिन 8.4 इतकं कमी आलंय. डॉक्टर कोलोनोस्कोपी (मागच्या वाटेनं दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) करा म्हणतायत, पण वडील अडून बसलेत. "शेंगा चटणी जास्त झाली, बाकी काय नाही." काय करू?

शेळगीची_लेक
दादा, माझ्या अण्णांचं असंच झालं. आठ महिने आम्ही मूळव्याधीचं औषध देत बसलो. कुणी बोट घालून तपासलं नाही आणि लाजेपायी आम्हीही विचारलं नाही. मूळव्याध होतीच त्यांना, पण तिच्या आडून आतड्यात कॅन्सरची गाठ वाढत होती.

हिमोग्लोबिनकडे बघा. या वयाच्या पुरुषाच्या अंगातलं लोह कमी झालं, तर आतड्यातून रक्त झिरपतंय का हे बघावंच लागतं.

तपासणीपेक्षा आदली रात्र अवघड. पोट साफ करायचं ते खारट औषध अण्णा नाक दाबून प्यायले, रात्रभर संडासच्या फेऱ्या. सकाळी गुंगी दिली, त्यांना काही कळलंही नाही. गाठीचा तुकडा तपासायला गेला, मग सीटी स्कॅन, ऑपरेशन. जवळच्या लसिका गाठींत आजार पोचला होता म्हणून केमो. त्यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिननं गार वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येत. स्टीलचा पेला धरवेना. त्यांनीच विणलेल्या टॉवेलचा तुकडा मी पेल्याला गुंडाळून द्यायचे.

आठ महिने आधी गेलो असतो तर, हे अजून मनातून जात नाही. तुम्ही थांबू नका.

वॉर्ड_सिस्टर
रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. नुसता पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरचा कोंब) सापडला तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढतात. त्याचा कॅन्सर व्हायचाच झाला तर साधारण 10 वर्षं लागतात. कॅन्सर निघालाच तर तुम्हा भावंडांनीही चाळिशीत तपासून घ्यायचं. उपचारांसाठी आपल्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

यंत्रमाग_सोलापूर
ताई, तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. टॉवेलपाशी गप्प झाले. मग म्हणाले, "तो माणूस आता कसा आहे, विचार." गुरुवारची वेळ घेतलीय.

शेळगीची_लेक
चौथं वर्ष चालू आहे म्हणावं. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारतात.