पायलटचं घर : बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडचे अनुभव

सांबऱ्याला, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावर, शिकाऊ पायलटांची छोटी विमानं घिरट्या घालायला लागल्यापासून आमच्याकडे चौकशीला येणारे आईबाप वाढलेत. माझा नवरा त्या लाइनीत, म्हणून टिळकवाडीत आमचं घर म्हणजे जणू माहिती केंद्र. प्रश्न ठरलेले. बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं का? लागतं. लायसन्सला किती तास उडवावं लागतं? २००. खर्च? अर्धा कोटी धरून चाला, पुढे टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण, वेगळं. एवढं लिहून घेतात, चहा पितात, जातात. लग्न झाल्यावर, पोरं झाल्यावर घर कसं चालतं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

म्हणून हा धागा. पायलट असाल, पायलटच्या घरचे असाल, तर आपापलं लिहा. कंपन्यांची नावं नकोत. उपदेशही नको, तो इथे फुकट भरपूर मिळतो.

माझं मत आधीच सांगते. नवरा घरी नसतो त्याचा त्रास होत नाही असं नाही, पण त्याची सवय होते. सवय होत नाही ती रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, बदलण्याची. 'गुरुवारी येतो' म्हटलेला माणूस शनिवारी आला की मधले दोन दिवस मी ना धड एकटी, ना धड दुकटी. २०२५ च्या डिसेंबरात पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून देशभर विमानं रद्द झाली तेव्हा समोरच्या काकू मला म्हणाल्या, "तुमच्या पायलट लोकांना झोप पाहिजे म्हणे, आमच्या भाचीच्या साखरपुड्याचे पाहुणे दिल्लीत अडकले." मी म्हटलं, काकू, न झोपलेल्या पायलटच्या विमानात तुम्ही बसणार काय? त्यावर त्यांनी कुंद्याचा डबा पुढे केला. विषय संपला.

अनगोळ, कॅप्टन

बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, बेंगलोर. घर बेळगावात, अनगोळला. बायको इथल्या शाळेत शिक्षिका. ती नोकरी सोडणार नाही हे लग्न ठरतानाच बोलणं झालं होतं, त्यामुळे ये-जा माझ्या वाट्याला. लोकांना वाटतं, याला काय, विमान फुकट. स्टाफ तिकीट म्हणजे सीट उरली तर. गणपतीत, लग्नसराईत सीट उरत नाही. पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग खाली उतरले की बेळगावचं विमान हुबळीला उतरतं, नाहीतर परत फिरतं. ते मी स्वतः चालवत असलो तर निर्णय माझा. मागे प्रवासी म्हणून बसलो असलो की मात्र पोटात गोळा येतो.

म्हणून माझा भरवसा राणी चन्नम्मा एक्सप्रेसवर, रात्रीच्या रेल्वेवर. आता वंदे भारतही झालीय, पण तिची वेळ माझ्या ड्यूटीला क्वचित जुळते. ड्यूटीच्या आदल्या दिवशी बेंगलोरात पोचायचं म्हणजे पोचायचंच. रात्रभर बर्थवर हिंदकळत येऊन पहाटे रिपोर्ट करणं एक वेळ कागदावर बसेल, डोक्यात बसत नाही.

येलहंक्याला आम्ही चौघांनी मिळून फ्लॅट घेतलाय, भाड्याने. चौघे एका वेळी कधीच नसतो. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, डब्यांवर चिठ्ठ्या. माझ्या कप्प्यात आईची शेंगाचटणी, आणि ती माझ्यापेक्षा पाटण्याचा को-पायलट जास्त खातो. स्टँडबाय असलो की बेंगलोर सोडता येत नाही. फोन आला की निघायचं, नाही आला तर गणवेशाला इस्त्री करून लोळत पडायचं. तो दिवस कामाचाही नाही, सुट्टीचाही नाही. बायकोशी माझी भांडणं झाली असतील तर ती याच दिवसांत, फोनवरून.

१ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, त्यात दोन रात्री आल्याच पाहिजेत. बेंगलोरात राहणाऱ्याला हे बारा तास जादा झोपेचे. मला ते गाडीत जातात. पण पूर्वी जे गणितच बसत नव्हतं ते आता बसतं. एक पूर्ण दिवस अनगोळात मिळतो, मुलाला सायकलवर बसवून येळ्ळूरच्या रस्त्याला जाऊन येतो.

बेंगलोरला बिऱ्हाड हलव असं सगळे सांगतात. हलवलं तर माझे फेरे वाचतील, पण मी नसलेल्या दिवसांत बायको-मुलगा तिथे कुणाच्या भरवशावर? इथे खाली आई-बाबा आहेत, पलीकडच्या गल्लीत मेहुणा आहे. माझी ओढाताण झाली तरी त्यांची होत नाही, असा हिशेब आम्ही मांडलाय.

निपाणी, को-पायलटची आई

मुलगा घरी आला की मला काही करायची सोयच नाही. खोकला झाला म्हणून द्राक्षासव काढलं तर बाटली हातातून काढून घेतली. आसव, अरिष्ट सगळं बंद, त्यात मद्यार्क असतो म्हणे. होमिओपॅथीचे थेंबही नकोत. उड्डाणाआधी बारा तास दारूचा थेंब चालत नाही, आणि फुंकून तपासणी होते. त्यात आकडा दिसला तर मोजणाऱ्याला औषध काय नि दारू काय. आमच्या घरात तीन पिढ्या कुणी दारूला शिवलं नाही आणि मी लेकाला चुकून आसव पाजेन ही धास्ती! आता आल्याचा रस नि मध देते. भडंग मात्र पिशवी भरून नेतो.

खानापूर तालुका, सध्या हैदराबाद

मी आणि नवरा दोघेही पायलट. कंपनी वेगळी, बेस एकच. मुलगी लहान आहे.

बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. तिच्यानंतर काय होतं ते कुणी सांगत नाही. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग झालेली लागतात. ती अर्थातच नसतात. म्हणजे आधी मेडिकल, मग सिम्युलेटर (विमानाच्या कॉकपिटची जमिनीवरची नक्कल), मग ट्रेनरसोबत विमानात. सिम्युलेटरचं सेशन रात्री उशिराचं मिळालं, परगावी. एका बाजूला इंजिन फेल झाल्याचा सराव आणि दुसऱ्या बाजूला दूध भरून आलेलं. ब्रेकमध्ये पंप घेऊन बाथरूममध्ये बसले. ट्रेनर भला माणूस, घड्याळाकडे बघितलं नाही.

महिना संपत आला की दोघांची रोस्टरं येतात. जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि दोघेही बाहेर असलेल्या रात्री लाल पेनाने गोल करायच्या. मग आईला फोन. "आई, चौदा, पंधरा आणि बावीस." आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिते आणि विचारते, "बावीसला एकादशी आहे, चालंल न्हवं?" जणू फराळ हैदराबादेत मिळतच नाही.

फक्त जुलैत आई येत नाही. आमच्याकडे भाताची रोप लावण असते, माणसं मिळत नाहीत, आणि लेकीच्या विमानासाठी शेत थांबत नाही असं तिचं स्वच्छ मत आहे. त्यामुळे आमची वार्षिक रजा उन्हाळ्यात नाही, दिवाळीत नाही, पावसाळ्यात. दोघांनी आळीपाळीने घ्यायची. सहकारी गोव्याला जातात, मी भर पावसात खानापुरात चिखल तुडवते. मला आवडतं, पण नवरा पुण्याचा, त्याला विचारू नका.

भारतात पायलटांमध्ये बायका सुमारे १५ टक्के, जगाच्या कितीतरी पुढे. भाषणांत हे अभिमानाने सांगतात. माझ्या ओळखीच्या ज्या टिकल्यात त्यांच्या प्रत्येकीमागे कुणाची तरी आई नाहीतर सासू बॅग भरून तयार बसलेली आहे. तिचा आकडा कुठल्याच भाषणात येत नाही.

कॅम्प, निवृत्त सुभेदार

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. आम्ही वर्षातून दोनदा घरी येत होतो, मधे आंतर्देशीय पत्र. तुम्ही आठवड्याला येता. चांगलं चाललंय तुमचं.

शहापूर, कॅप्टनची मुलगी, कॉलेजात

सुभेदारकाका, येऊन झोपणारा बाप वेगळाच असतो. रात्रीची फ्लाइट करून बाबा सकाळी यायचे. खोलीला काळे पडदे, दाराची बेल बंद, कुकरच्या शिट्टीखाली आई चमचा धरून उभी. गल्लीत पोरं क्रिकेट खेळायची ती मला विचारून. घरात असूनही बाबांशी बोलता येत नाही, याचा राग त्यांच्या नसण्यापेक्षा जास्त होता.

सुट्टी मागण्याचाही एक घोळ असतो. अर्ज फार आधी द्यावा लागतो, तोही तारखेने. आपली शिवजयंती वैशाखात तिथीने, आणि चित्ररथांची मिरवणूक कधी ते मंडळांच्या बैठकीत ठरणार. बाबा अंदाजाने तारीख टाकायचे. कधी लागायची, कधी मिरवणूक दुसऱ्याच दिवशी आणि बाबा घरी पाय पसरून टीव्हीवर बघताहेत. गणपतीचं मात्र आम्ही सोपं करून टाकलं. प्रतिष्ठापना काका करतात, बाबा त्या दहा दिवसांत ज्या दिवशी येतील त्या दिवशी आमच्याकडे मोदक.

चिकोडी, उसाचे शेतकरी

पोरगं लायसन्स घेऊन घरी बसलंय, जागा निघायची वाट बघत. बँकेचा हप्ता थांबत नाही. उसाचं बिल आलं की तिकडं जातं. संसार-करिअरचा तोल वगैरे तुमचं वाचतोय, आमचा संसारच सुरू व्हायचाय. स्थळं येतात. आधी पायलट म्हणून खूश होतात, मग विचारतात, पगार सुरू झालाय काय? नाही म्हटलं की मुलीला अजून शिकायचंय म्हणतात.

टिळकवाडी

काका, मुलाला रिकामा बसवू नका, उडवण्याचे तास पूर्ण असले तरी लेखी परीक्षेचा नि मुलाखतीचा सराव सुटतो. आणि कर्जाचं एकदा मॅनेजरशी बोलून घ्या, हप्ता पुढे ढकलून मिळतो का बघा. स्थळांचं आमच्या हातात नाही.

कारवार, पायलटची बायको

कर्जाचा विषय निघालाच आहे म्हणून. पायलटचं लायसन्स मेडिकलवर उभं असतं. साखर, रक्तदाब, डोळा, काहीही निघालं की 'टेम्पररी अनफिट' आणि उडणं बंद. उड्डाणाच्या तासांवरचा भत्ता तिथेच थांबतो, आणि पगारातला मोठा भाग तोच असतो. आमच्याकडे हे झालं. पाठीची नस दबली, बरेच महिने घरी. यांना घरात बघून मुलं खूश, मी हिशेबाची वही घेऊन बसलेली. लायसन्स गेल्यास पैसे मिळणारा वेगळा विमा असतो. कंपनी काढते ती रक्कम किती, तात्पुरत्या अनफिटला लागू आहे की कायमच्याच, हे कागद मागून वाचा. नवरा म्हणेल नंतर बघू. तुम्ही स्वतः वाचा. आम्ही घराचा हप्ता एकट्या माझ्या पगारात बसेल एवढाच ठेवला होता म्हणून निभावलं. चिकोडीच्या काकांनी सून बघताना नोकरीवाली बघावी.