निल्टन सांतोस: ७५ सामने, ३ गोल, मग आक्रमक बॅक कसा?

प्रश्न:
फुटबॉलमध्ये आक्रमक फुलबॅकचा (कडेच्या बचावपटूचा) विषय निघाला की ब्राझीलच्या निल्टन सांतोसचं नाव आधी घेतात. पण देशासाठी ७५ सामन्यांत त्याचे गोल फक्त ३. मग आक्रमक कशाच्या जोरावर? आणि १९५० ते ६२ चे चारही वर्ल्ड कप तो खेळला का?

प्रतिसाद १:
फुलबॅक गोलांवर जोखू नका. त्या काळी बॅकने समोरच्या विंगरला (कडेने हल्ला करणाऱ्याला) चिकटायचं आणि चेंडू मिळाला की लांब फटकवायचा, एवढंच अपेक्षित असे. सांतोस चेंडू पायात घेऊन वर यायचा.

हे चाललं ते रचनेमुळे. १९५८च्या वर्ल्ड कपला ब्राझील ४-२-४ (चार बचावात, दोन मिडफिल्डमध्ये, चार पुढे) खेळत होता. बचावात मधे बेलिनी आणि ऑर्लांदो असे दोघं, त्यामुळे एक बॅक वर गेला तरी गोलसमोर भगदाड पडत नसे. त्यात झागालो नावालाच डावा विंगर, सारखा मिडफिल्डमध्ये उतरायचा. त्याने सोडलेल्या पट्टीतून सांतोस वर जायचा आणि सांतोसची जागा झागालो राखायचा. झागालोला याचं श्रेय फार कमी मिळतं. ८ जूनचा ऑस्ट्रियाविरुद्धचा सामना बघा: उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच सांतोस चेंडू घेऊन थेट वर गेला आणि गोल केला. ब्राझील ३-० जिंकला.

प्रतिसाद २:
संघात चारही वेळा, मैदानावर तीनदाच. १९५०ला एकही सामना मिळाला नाही. १९५४ला बर्नमध्ये हंगेरीच्या बोझिकशी हाणामारी झाली, दोघांनाही रेफरीने बाहेर काढलं, ब्राझील ४-२ हरला. क्लब मात्र एकच, बोताफोगो, १९४८ ते ६४.

प्रतिसाद ३:
माझ्या मते त्याचं खरं बळ डोक्यात होतं, टोपणनावच 'ज्ञानकोश'. १९६२, विन्या देल मार, वय ३७. पेले जायबंदी, स्पेन १-० पुढे. सांतोसने स्पेनच्या कोयारला पेनल्टी क्षेत्रात पाडलं. तो हुज्जत घालत बसला नाही की जागीच थांबलाही नाही. दोन पावलं टाकून रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. रेफरी लांब होता. तो पोचला तेव्हा सांतोस बाहेर दिसला, म्हणून पेनल्टीऐवजी फ्री किक दिली. पुढे अमारिल्दोने दोन गोल केले आणि ब्राझील २-१ जिंकला.

प्रतिसाद १:
हो, आणि बोताफोगोतली १९५३ची चाचणीही त्यात धरा. नवख्या विंगर गारिंशाने त्याला चकवलं, तर राग न धरता 'याला लगेच घ्या' असं क्लबला सांगणारा हाच.