मदत हवी आहे: दवाखान्यात बाळंत व्हायला नको म्हणणाऱ्या बाईला काय सांगू?

नमस्कार. मी मेळघाटातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे. येऊन दीड वर्ष झालं. गावात सगळे कोरकू बोलतात, मला ती तुटकच येते. आशाताई सोबत असली तरच धड बोलणं होतं.

नोंदणी वेळेवर होते. बायका धनुर्वाताचं इंजेक्शन घेतात, लोहाच्या गोळ्या नेतात. कळा सुरू झाल्या की मात्र फोन येत नाही. सकाळी कळतं, रात्रीच झाली, घरीच. गेल्या पावसाळ्यात एकीची वार अडकली, अंगावरून खूप जात होतं. नाल्याला पूर. चौघांनी झोळीतून पलीकडे आणली, तिथून १०८. वाचली. असा रक्तस्राव दोन तासांच्या आत जीव घेऊ शकतो, आणि आमचा निम्मा वेळ नाल्यावरच गेला होता.

योजना सांगून झाल्यात. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये, २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. बैठकीत तो आकडा दाखवून विचारतात, उरलेल्या पाचांत तुमचीच गावं का?

म्हणून घरोघरी बसून विचारलं. सिझर झालं तर मोळी कोण उचलणार, घरच्या पोरांना कोण बघणार, हे बऱ्याच जणी म्हणाल्या. पण एकीचं बोलणं डोक्यातून जात नाही. पहिल्या खेपेला तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. सासूला दाराबाहेर बसवलं. आत कुणाची भाषा कळेना. उताणं झोपवलं, ओरडली म्हणून मांडीवर चापट मारली. पुढची दोन्ही घरी झाली. घरी ती उकिडवी बसते, वरून बांधलेला दोर धरते, सुईण पाठ चोळत असते. "इथं मला कोणी मारत नाही," म्हणाली. तिला अडाणी कसं म्हणू?

माझे प्रश्न असे:

कळांच्या वेळी सोबतीणीला आत घेणं केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या कार्यक्रमात मान्य आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. तुमच्या आरोग्य केंद्रात कोणी हे खरंच सुरू करून घेतलंय का? डॉक्टरांना कसं पटवलंत? आमच्याकडे 'जागा नाही, पडदे नाहीत' इथेच विषय संपतो. गावच्या सुईणीलाच सोबतीण म्हणून आणलं तर चालेल का? माझ्या मते तिला बाजूला सारून काही होणार नाही. उकिडवं बसून बाळंतपण करून घेतलेल्या सिस्टर इथे असतील तर सविस्तर लिहा, मला तसं शिकवलेलंच नाही.

माहेरघरात, म्हणजे आरोग्य केंद्रातल्या गरोदर बायकांच्या मुक्कामाच्या खोलीत, तारखेआधी चार-पाच दिवस येऊन राहता येतं, लहान मूल आणि घरचं माणूस सोबत ठेवता येतं. आमचं बहुतेक रिकामंच असतं. तुमच्याकडे भरत असेल तर कशामुळे?

आणि कोणाला कोरकू येत असेल तर 'घाबरू नकोस', 'आता जोर दे', 'मी इथेच आहे' एवढी वाक्यं तरी लिहून द्या.

चापट खाल्लेल्या त्याच बाईचे पुढच्या महिन्यात दिवस भरतात. चौथी खेप, हिमोग्लोबिन ८. परवा तिच्याकडे जाणार आहे, त्याआधी काही सुचलं तर जरूर लिहा.