मदत हवी: सीएमडीतल्या जुन्या कमांडी पॉवरशेलमध्ये चालेनात

नमस्कार मंडळी. उदगीरला आमचं लग्नपत्रिकांचं डीटीपी दुकान आहे. विंडोज ७ चा कॉम्प्युटर काढून ११ चा घेतला. गिऱ्हाइकांच्या फायलींची यादी मी कायम सीएमडीत (कमांडी टाइप करायची विंडोजची जुनी काळी खिडकी) काढायचो: 'डिर /बी > यादी.टीएक्सटी'. (मोबाईलवरून लिहायलोय, म्हणून कमांडी उच्चाराप्रमाणे.) आता टर्मिनलमध्ये (त्यात पॉवरशेल उघडतं, कमांडी चालवायचं विंडोजचं नवं साधन) तेच टाकलं की लाल अक्षरांत येतं, 'डी:\बी' हा पाथ सापडला नाही. 'एमडी %डेट%' ने आजच्या तारखेचं फोल्डर व्हायचं; आता चक्क '%डेट%' याच नावाचं होतंय.

मुद्दाम सीएमडी उघडून यादी काढली, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. पोरं फायलींना 'देशमुख पत्रिका' अशी मराठीतच नावं देतात, आणि ते मला मनापासून आवडतं. ते बंद करायचं नाही. लग्नसराई तोंडावर आहे. सीएमडीच धरून बसू की पॉवरशेल शिकू?

उत्तर: दादा, शिकाच. सीएमडी १९९३ च्या विंडोज एनटीपासूनचं, पण वळण डॉसचं. पॉवरशेल २००६ चं, त्याची घडणच वेगळी. तिथं 'डिर' हे नुसतं टोपणनाव आहे, खरी कमांड 'गेट-चाइल्डआयटम'. तिला स्लॅशवाले स्विच कळत नाहीत, '/बी' म्हणजे पाथच वाटतो. 'डिर -नेम' टाका, पुढचं तसंच ठेवा. तारखेसाठी: 'एमडी (गेट-डेट -फॉरमॅट डीडी-एमएम-वायवायवायवाय)'. यातलं एमएम कॅपिटलच हवं, बाकी स्मॉल. स्मॉल एमएम टाकलं तर महिन्याऐवजी मिनिटं येतील.

बॅच फायली (एकामागून एक कमांडी लिहून ठेवलेल्या) असतील तर टाकून देऊ नका. आधी '.\' लावून नाव टाका, पॉवरशेल त्या सीएमडीकडूनच चालवून घेतं.

धागाकर्ता: यादी मराठीत आली, लई बरं झालं! पण बिलिंगच्या प्रोग्रॅमला ती वाचता येईना. त्याला यूटीएफ-८ (फाईलमध्ये अक्षरं साठवायची एक पद्धत) लागतं.

उत्तर: विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ आहे. त्यात '>' ने फाईल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. नोटपॅड ती नीट उघडतं, म्हणून फरक लक्षात येत नाही. '>' ऐवजी '| आउट-फाइल यादी.टीएक्सटी -एन्कोडिंग यूटीएफ८' लिहा. पॉवरशेल ७ वेगळं टाकून घेतलंत तर त्यात '>' थेट यूटीएफ-८ लिहितं. आणि घाईच्या दिवशी सीएमडीच वापरायचं झालं, तर आधी 'सीएचसीपी ६५००१' टाका (त्यानं सीएमडी यूटीएफ-८ वर येतं), मग तुमची जुनी '/बी' वाली कमांड. नावं मराठीतच येतील.