भुताला काय हवंय ते विचारा
५-६ वर्षांची मुलं हॅलोविनची गोष्ट "एक भूत होतं" एवढं लिहून अडकतात ना, तिथे पेन्सिल जरा बाजूलाच ठेवा, आधी चित्र काढू दे आणि मग विचारा की ह्या भुताला नेमकं काय हवंय. माझी लेक म्हणाली, हॅलोविनला भोपळा कोरून आत लावतात ती मेणबत्ती विझली म्हणून भूतच अंधाराला घाबरलंय, झालं, गोष्ट सुरू! मुलं बोलतील तसं त्यांच्याच शब्दांत तुम्ही उतरवून घ्या पण शेवटचं वाक्य त्यांनाच लिहू द्या, 'मेनबत्ती' लिहिलं तरी चालेल, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढू नका प्लीज, मुलं लगेच गप्प होतात. आणि गोष्ट फारच भीतीदायक व्हायला लागली तर भुताला शेवटी घरी कोण सोडणार एवढंच विचारा, लेकीने वटवाघळाला पाठवलं.